चोरीपासून मालमत्तेचे रक्षण आणि प्राणघातक बळाचा वापर : कायद्याची चौकट व मर्यादा
(विरार व पालघर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

२९ जुलै २०२१ रोजी रात्री आठच्या सुमारास विरार पूर्व येथील एका खाजगी बँकेच्या शाखेत लुटीचा प्रयत्न झाला. कामकाजाची वेळ संपली होती व शाखेत दोन महिला कर्मचारी होत्या. पोलिसांच्या आरोपानुसार त्याच शाखेच्या माजी व्यवस्थापकाने रोकड व सोने लुटण्याच्या हेतूने त्यांच्यावर शस्त्राने हल्ला केला. त्यात एका अधिकारी महिलेचा मृत्यू झाला व दुसरी गंभीर जखमी झाली. आरडाओरडा ऐकून जमलेल्या लोकांनी पळू पाहणाऱ्या संशयिताला पकडून पोलिसांच्या हवाली केले.

याच जिल्ह्यात त्यापूर्वी सुमारे सव्वा वर्ष, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीच्या काळात परिसरात चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. मारल्या गेलेल्या तिघांनी कोणाचीही वस्तू चोरलेली नव्हती.

पहिल्या घटनेत प्रत्यक्ष गुन्हा घडत होता आणि एक जीव गेला होता, तरीही नागरिकांनी संशयिताला जिवंत ठेवून पोलिसांकडे दिले. दुसऱ्या घटनेत गुन्हाच नव्हता; केवळ संशय होता, आणि तीन माणसे मारली गेली. चोरापासून आपले घर, दुकान व चीजवस्तू वाचविण्यासाठी नागरिकास कितपत बळ वापरता येते, आणि त्या बळाने चोराचा मृत्यू झाल्यास कायदा त्याकडे कसे पाहतो, हा प्रश्न या दोन घटनांमुळे केवळ पाठ्यपुस्तकातील राहत नाही. "चोर घरात शिरला तर त्याला मारले तरी गुन्हा नाही" असा एक समज समाजात आहे. "चोराला हात लावला तरी आपल्यावरच खटला होतो" असा नेमका उलट समजही आहे. हे दोन्ही समज अपुरे आहेत. प्रस्तुत लेखात या विषयाची कायदेशीर चौकट स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत चोरीचा बंदोबस्त ही गावाची सामूहिक जबाबदारी होती. पाटलाच्या देखरेखीखाली जागल्या व रामोशी रात्रीची गस्त घालीत. चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जावयाचे आणि तेथून पुढची जबाबदारी त्या गावाने घ्यावयाची, अशी रीत दख्खनमध्ये होती. माग पुढे नेता आला नाही तर भरपाईचा प्रश्न निर्माण होई.

इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली व पोलीस यंत्रणा उभी राहिली. लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. येथील रयत दरोडेखोरांपुढे निमूटपणे मान तुकविते, अशी मसुदाकारांची धारणा होती. त्यामुळे स्वसंरक्षणाच्या हक्कावर फार बंधने घालण्याऐवजी लोकांना प्रतिकारास प्रवृत्त करावे, असा विचार त्यांनी नोंदविला. १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये हा हक्क आला. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. नव्या संहितेत याच तरतुदी कलम ३४ ते ४४ मध्ये, थोडेफार शाब्दिक बदल वगळता, कायम आहेत. त्यामुळे जुन्या कलमांखालील न्यायनिर्णय आजही मार्गदर्शक ठरतात.

हक्काचे स्वरूप

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ नुसार प्रत्येक व्यक्तीस स्वतःच्या व इतरांच्या शरीराचे, तसेच स्वतःच्या व इतरांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याचे बंद घर फोडले जात असताना मदतीस धावणाऱ्या व्यक्तीलाही हा हक्क मिळतो. पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे जाणाऱ्या आणि दिवसभर घर कुलूपबंद ठेवणाऱ्या विरारसारख्या शहरात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. मात्र मालमत्तेच्या बाबतीत हा हक्क चोरी, जबरी चोरी, आगळीक आणि फौजदारी स्वरूपाचे अतिक्रमण, किंवा यांपैकी कशाचाही प्रयत्न, या चार कृत्यांविरुद्धच उपलब्ध आहे. उधारी बुडविणे, करार मोडणे किंवा विश्वासघात करणे यांविरुद्ध बळाचा वापर करण्याचा हक्क या तरतुदीतून निघत नाही.

कलम ३७ या हक्काला दोन मूलभूत मर्यादा घालते. पोलीस व इतर लोक प्राधिकाऱ्यांची मदत घेण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्क राहत नाही. तसेच रक्षणासाठी जेवढी आवश्यक आहे त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. पुढील सर्व तरतुदी या दोन मर्यादांच्या अधीन राहूनच वाचावयाच्या असतात.

मृत्यू घडविण्यापर्यंत हक्क केव्हा जातो ?

या विषयाचा गाभा कलम ४१ मध्ये (जुने कलम १०३) आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी आक्रमकाचा मृत्यू घडविण्यापर्यंत हक्क पुढील चार परिस्थितींत पोहोचतो :

(१) जबरी चोरी;
(२) सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी;
(३) माणसांच्या राहण्यासाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरात असलेली इमारत, तंबू वा जलयान यांना आग लावून किंवा स्फोटक पदार्थाने केलेली आगळीक;
(४) चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण अशा परिस्थितीत होत असणे, की हक्क न बजावल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण व्हावी.

साधी चोरी या यादीत स्वतंत्रपणे नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ती केवळ चौथ्या खंडात, जिवाच्या भीतीशी जोडून येते. अन्य सर्व प्रसंगी कलम ४२ लागू होते. त्यानुसार मृत्यूखेरीज अन्य इजा करण्यापर्यंतच हक्क मर्यादित राहतो. अंगणातील सायकल, गोठ्यातील जनावर किंवा वाडीतील नारळ चोरणाऱ्यास अडविता येते, धरता येते, झटापटीत आवश्यक तेवढे बळ वापरता येते; परंतु जाणूनबुजून त्याचा जीव घेता येत नाही. मालमत्तेपेक्षा माणसाचा जीव मोठा, मग तो चोराचा का असेना, हे मूल्य या रचनेमागे आहे. चार अपवादांत मालमत्तेवरील आक्रमणामध्येच माणसाच्या जिवाला धोका अंतर्भूत आहे, म्हणून तेथे कायदा अधिक सवलत देतो.

घरफोडी या शब्दाचा कायद्यातील अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. कुलूप उघडून, भिंतीला खिंडार पाडून, माणसाच्या प्रवेशासाठी नसलेल्या मार्गाने, भिंतीवर चढून किंवा बळाचा वापर करून केलेला प्रवेश म्हणजे घरफोडी होय. पाण्याच्या नळावरून चढून तिसऱ्या मजल्याच्या सरकत्या खिडकीतून रात्री आत शिरणे ही घरफोडी आहे. याउलट उघड्या राहिलेल्या दारातून दुपारी आत येऊन टेबलावरील भ्रमणध्वनी उचलणे हे गृह-अतिक्रमण व चोरी आहे. पहिल्या प्रसंगी दुसरा खंड लागू होईल. दुसऱ्या प्रसंगी जिवाची वाजवी भीती दाखवावी लागेल. रात्रीची घरफोडी वेगळी मानण्याचे कारण उघड आहे. अंधारात शिरलेल्या माणसाकडे शस्त्र आहे की नाही, तो एकटा आहे की टोळीने आला आहे, हे झोपेतून उठलेल्या गृहस्थाला कळू शकत नाही. तथापि तेथेही कलम ३७ ची मर्यादा सुटत नाही. खोलीत कोंडलेल्या व शरण आलेल्या चोराला ठार मारणे हे 'आवश्यक' ठरू शकत नाही.

उपनगरी रेल्वेतील एक नेहमीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातातून भ्रमणध्वनी हिसकावला जातो. नव्या संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा असला तरी त्याची व्याख्या चोरीचाच एक प्रकार अशी आहे. परंतु रुळांलगत उभे राहून प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून फोन पाडण्यात आला, तर चोरी करण्यासाठी हेतुपुरस्सर दुखापत केली जाते, आणि ते कृत्य कलम ३०९ मधील जबरी चोरीच्या व्याख्येत जाऊ शकते. बळाच्या वापराची कायदेशीर मर्यादा वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. कृत्यात हिंसा किती आहे, यावर ती ठरते.

हक्काचा आरंभ आणि शेवट

कलम ४३ (जुने कलम १०५) हक्काची कालमर्यादा सांगते. मालमत्तेला धोका असल्याची वाजवी भीती उत्पन्न होताच हक्क सुरू होतो. प्रत्यक्ष नुकसान होईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. चोरीच्या बाबतीत चोर मालमत्तेसह निसटून जाईपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा मालमत्ता परत मिळेपर्यंत तो चालू राहतो. जबरी चोरीत तात्काळ मृत्यू, दुखापत वा गैरनिरोधाची भीती असेपर्यंत, आणि रात्रीच्या घरफोडीत त्या घरफोडीने सुरू झालेले गृह-अतिक्रमण चालू असेपर्यंत तो टिकतो.

व्यवहारात बहुतेक आरोपींचा बचाव याच मुद्द्यावर कोसळतो. चोर पळू लागला, वस्तू टाकून दिली, किंवा लोकांच्या ताब्यात आला, की धोका संपतो. त्यानंतरची मारहाण संरक्षण न राहता शिक्षा होते. शिक्षा करण्याचा अधिकार न्यायालयाखेरीज कोणालाही नाही.

न्यायालयीन भूमिका

जय देव विरुद्ध पंजाब राज्य (१९६३) या खटल्यात जमिनीच्या ताब्यावरून संघर्ष झाला होता. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आरंभीचा संरक्षणाचा हक्क मान्य केला. परंतु विरुद्ध पक्षाचे लोक पळू लागल्यानंतर दूर अंतरावरून गोळ्या झाडणाऱ्यांना त्या हक्काचा आधार नाकारला. त्याच वेळी, संकटात सापडलेल्या माणसाने वापरलेले बळ सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, हे तत्त्वही न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे.

मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९६८) या निर्णयाने सांगितले की जमिनीचा स्थिर ताबा असलेल्या व्यक्तीने आक्रमण होताच पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. जमिनीचे भाव वाढत गेलेल्या वसई-विरार पट्ट्यात ताब्याचे वाद अपरिचित नाहीत, म्हणून हा निर्णय येथे उपयुक्त आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील तत्त्वे एकत्र मांडली : हक्काचे स्वरूप प्रतिबंधात्मक आहे, सूड उगविण्याचे नाही, वाजवी भीती पुरेशी आहे, आणि आरोपीने आपला बचाव निःसंशयपणे सिद्ध करण्याची गरज नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३० नुसार नव्हे, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार (जुने कलम १०५) अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो संभाव्यतेच्या पारड्यापुरताच असतो.

सापळ्यांच्या बाबतीत चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य (१९६४) हा निर्णय मूलभूत आहे. परक्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून आरोपीने वाटेत वीजप्रवाह सोडलेली उघडी तार लावली होती. तिला स्पर्श होऊन शेजारच्या स्त्रीचा मृत्यू झाला. अतिक्रमण करणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलची दोषसिद्धी कायम केली. शेताच्या वा फळबागेच्या कुंपणात रात्री वीजप्रवाह सोडणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तार ही चोर, वाटसरू, गुराखी व लहान मूल यांत भेद करीत नाही. अशा मृत्यूस आता कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि परिस्थितीनुसार आरोप अधिक गंभीरही होऊ शकतो.

मर्यादा ओलांडल्यास

सद्भावनेने, पूर्वनियोजन नसताना आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा उद्देश नसताना हक्काची मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू घडला, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादानुसार ते कृत्य खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरते. परंतु ही सवलत म्हणजे निर्दोषत्व नव्हे. उद्देशपूर्वक घडविलेल्या सदोष मनुष्यवधास कलम १०५ खाली जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास होऊ शकतो.

याच्या शेजारी चोरीची शिक्षा ठेवून पाहावी. कलम ३०३ खाली साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. चोरीची मालमत्ता पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने ती परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ज्या कृत्यास न्यायालय समाजसेवा सांगेल, त्याच कृत्यासाठी चौकात जमलेला जमाव देहान्त देतो, तेव्हा कायदा आणि जमाव यांतील अंतर स्पष्ट होते.

संशय, जमाव आणि भटके समाज

गडचिंचलेच्या घटनेत मालमत्तेविरुद्ध कोणताही गुन्हा घडत नव्हता. त्यामुळे संरक्षणाचा हक्क उत्पन्नच झाला नव्हता. वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज हा काही प्रसंगी बचाव ठरतो. परंतु कायद्यातील सद्भावना म्हणजे योग्य ती दक्षता व काळजी. समाजमाध्यमावरील निरोप ही दक्षता नव्हे. शिवाय जमावाच्या हाती सापडलेल्या, पोलिसांच्या उपस्थितीत असलेल्या निःशस्त्र माणसापासून कोणाच्याही मालमत्तेस तात्काळ धोका उरत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळे येथील न्यायालयाने सात आरोपींना जन्मठेपेची शिक्षा दिली. राईनपाड्यानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्यासह अनेक निर्देश दिले.

परका म्हणजे चोर, हे समीकरण आपोआप तयार झालेले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज विमुक्त झाले. परंतु शिक्का पुसला गेला नाही. गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या पारध्याकडे किंवा भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याकडे चोरी झाली की प्रथम बोट दाखविले जाते. म्हणून 'चोराला मारण्याचा हक्क' या समजाची किंमत प्रत्यक्षात चोरांपेक्षा संशयितांना अधिक मोजावी लागते.

नव्या संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक व्यक्तींनी वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. केवळ चोरीच्या संशयाचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. तथापि अशा हत्येस खुनाचे सामान्य कलम आणि बेकायदेशीर जमावाच्या प्रत्येक सदस्याला जबाबदार धरणारे कलम १९० लागू होतातच. ज्याने एकच काठी मारली, तोही संपूर्ण परिणामास उत्तरदायी ठरू शकतो.

तुलनात्मक दृष्टी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात रात्रीची चोरी रोखण्यासाठी, विशिष्ट अटी पूर्ण झाल्यास, प्राणघातक बळ वापरण्यास कायदा अनुमती देतो. ही तरतूद जगात अपवादात्मक आहे. त्याच देशातील आयोवा राज्यात कॅटको विरुद्ध ब्रायनी (१९७१) या खटल्यात ओसाड घरात बंदुकीचा सापळा लावणाऱ्या मालकाला जखमी चोरास नुकसानभरपाई द्यावी लागली. इंग्लंडमध्ये १९९९ साली नॉरफोकमधील एका शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलास गोळी घातली. त्याची खुनाची दोषसिद्धी २००१ मध्ये सदोष मनुष्यवधात बदलली. भारतीय कायदा या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. तो गृहस्थाला असहाय ठेवत नाही आणि मोकाटही सोडत नाही.

व्यावहारिक मार्ग

डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य नागरिकास आहे. मात्र पकडलेल्या व्यक्तीस विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ११२ या क्रमांकावर तात्काळ कळविणे, झटापट झाल्यास स्वतःची व संशयिताची वैद्यकीय तपासणी करून घेणे, घटनास्थळ न हलविणे आणि घडलेली हकीकत पहिल्याच जबाबात पूर्ण सांगणे, या गोष्टी पुढे संरक्षणाचा हक्क सिद्ध करताना निर्णायक ठरतात. गृहनिर्माण संस्थांच्या सुरक्षारक्षकांना आणि गावोगावच्या ग्रामसुरक्षा दलांना या मर्यादांचे प्रशिक्षण मिळणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांना हे कार्य हाती घेता येईल.

निष्कर्ष

मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क भारतीय कायद्याने उदारपणे दिला आहे. परंतु प्राण घेण्याचा हक्क जिवाला धोका असलेल्या मोजक्या प्रसंगांपुरता राखून ठेवला आहे. त्या प्रसंगीही आवश्यकता, प्रमाण आणि वेळ या तीन कसोट्या लागू होतात. धोका संपला की हक्क संपतो. विरारच्या नागरिकांनी २०२१ मध्ये, डोळ्यांसमोर रक्त सांडलेले असताना, संशयिताला पोलिसांकडे सोपविले. त्यामुळे त्याच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात होणे शक्य झाले. गडचिंचले येथे तिघांना आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याचीही संधी मिळाली नाही. कायद्याने आखलेली मर्यादा चोराच्या सोयीसाठी नसून, निरपराध माणूस चोर समजून मारला जाऊ नये यासाठीही आहे, हे समाजमनात रुजविणे हे शिक्षणक्षेत्राचे कर्तव्य ठरते.